मरीना बे सँड्समधली एक रात्र: बुकिंगपासून चेक-आउटपर्यंत, क्रमाने

सिंगापूरला जाणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या आराखड्यात हल्ली ‘एक रात्र मरीना बे सँड्स’ अशी ओळ असते. ही सहलीतली सगळ्यात महाग रात्र. ती वाया जाते ती ठरावीक चुकांनी. पहाटे विमानातून उतरून थेट हॉटेल गाठलं आणि खोली दुपारी तीनला मिळाली. बागेच्या बाजूची खोली घेतली आणि शहराचे दिवे दिसलेच नाहीत. चौघांपैकी दोघांचीच नावं नोंदवली, म्हणून छतावरच्या तलावात दोघेच गेले. डेबिट कार्ड पुढे केलं आणि अनामत रक्कम घरी परतल्यावरही अडकून राहिली. हॉटेलवर पोहोचल्यावर यातलं फारसं काही दुरुस्त होत नाही, म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या.

## १. आधी इमारतीच्या बाजू समजून घ्या

वास्तुकार मोशे सफदी यांनी रचलेली ही इमारत २०१० मध्ये सुरू झाली. ५५ मजल्यांचे तीन टॉवर आणि त्यांच्या माथ्यावर आडवा टाकलेला ३४० मीटर लांबीचा स्कायपार्क. फोटोत ती सुंदर दिसते हे सगळ्यांनाच माहीत आहे. पाहुण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते तिचं तोंड कुठे आहे हे.

पश्चिमेला मरीना बेचं पाणी आणि त्यापलीकडे शहरातल्या उंच इमारती. पूर्वेला गार्डन्स बाय द बे, त्यापलीकडे समुद्र आणि नांगर टाकून उभी असलेली जहाजं. दोन्ही बाजूंचं बांधकामही वेगळं आहे. पश्चिमेला उभी दुहेरी काच आहे आणि उन्हाची तिरीप अडवायला तिच्यावर काचेच्याच उभ्या पट्ट्या बसवल्या आहेत. पूर्वेला मजल्यांना बाक आहे आणि कठड्यांवर बोगनवेल लावलेली गच्चीवजा जागा आहे. त्यामुळे शहराच्या बाजूच्या खोलीत दुपारी तीन ते सूर्यास्त ऊन थेट आत येतं आणि दिवे लागल्यावर मुख्य देखावा सुरू होतो. बागेच्या बाजूच्या खोलीत सकाळचा सूर्य येतो, दुपार शांत जाते आणि रात्री ‘सुपरट्री’ या झाडांच्या आकाराच्या उंच कृत्रिम रचनांचा प्रकाशखेळ दिसतो.

आमचं मत स्पष्ट आहे. तुम्हाला तलावात भरपूर वेळ घालवायचा असेल तर बागेची बाजू घ्या, कारण इन्फिनिटी पूलचं, म्हणजे छतावरच्या तलावाचं, तोंड शहराकडेच आहे आणि तो देखावा तिथे मिळतोच. बरोबर पोहायला न जाणारे आई-वडील असतील किंवा लहान बाळामुळे संध्याकाळ खोलीतच काढावी लागणार असेल, तर शहराच्या बाजूसाठी जास्त पैसे मोजणं योग्य.

मजल्याचंही तसंच. शहराच्या बाजूला हॉटेलसमोर रस्ता ओलांडून मॉल आणि परिषद केंद्र आहे. खालच्या मजल्यावरून पाण्याच्या आधी त्यांची छपरंच डोळ्यांत भरतात. बागेच्या बाजूला खालचा मजला तेवढा नडत नाही.

सावधान: तलाव आणि निरीक्षण डेक या दोन वेगळ्या जागा आहेत. डेक तिसऱ्या टॉवरच्या पुढे ६६.५ मीटर अधांतरी आलेल्या टोकावर आहे आणि तिथे बाहेरच्या माणसालाही तिकीट काढून जाता येतं. तलाव फक्त हॉटेलात राहणाऱ्यांसाठी आहे. डेकचं तिकीट काढून तलावात जाता येत नाही. तिथल्या रेस्टॉरंटात जेवलात म्हणूनही नाही.

## २. सहलीतली नेमकी कोणती रात्र

पहिली रात्र इथे ठेवू नका. मुंबईहून सिंगापूर साधारण साडेपाच तासांचं विमान आहे आणि बरीच विमानं रात्री निघून सकाळी पोहोचतात. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. सकाळी सातला चांगी विमानतळावर उतरलात तर शरीराचे साडेचार वाजलेले असतात आणि खोली मिळायला आठ तास बाकी असतात. संध्याकाळी सहाला, नेमक्या पाहण्याच्या वेळी, घरातले सगळे पेंगत असतात.

शेवटची रात्रही तितकीशी बरी नाही, कारण दुसऱ्या दिवशीच्या विमानाची धाकधूक सकाळ खाऊन टाकते. अपवाद फक्त परतीचं विमान संध्याकाळी किंवा रात्री असेल तर. सगळ्यात सोयीचा क्रम असा: आधीच्या रात्री लिटिल इंडिया किंवा बुगिस भागातल्या साध्या हॉटेलात, मग एक रात्र इथे, मग उरलेल्या रात्री पुन्हा साध्या ठिकाणी. लिटिल इंडिया ते बेफ्रंट (हॉटेलजवळचं स्थानक) हा मेट्रोच्या डाउनटाउन लाइनवर गाडी न बदलता चार स्थानकांचा प्रवास आहे. त्यामुळे बॅगा घेऊन ठिकाण बदलणं जिवावर येत नाही.

तारखा निवडताना फॉर्म्युला वन शर्यतीचा आठवडा टाळा. शर्यतीचा मार्ग मरीना बेच्याच रस्त्यांवरून जातो, दर चढतात आणि रस्ते बंद होतात. ३१ डिसेंबर, चिनी नववर्ष आणि ९ ऑगस्टचा राष्ट्रीय दिन यांनाही हेच लागू आहे. शक्य असेल तर शुक्रवार-शनिवार सोडून आठवड्याच्या मधली रात्र घ्या. दर उतरतो आणि तलावावर जागाही मिळते.

पावसाचं गणित आपल्यासारखं नाही. सिंगापुरात बाराही महिने पाऊस पडतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात दुपारनंतर विजांसह जोराच्या सरी येतात आणि वीज चमकायला लागली की उघड्यावरचा तलाव रिकामा करतात. म्हणून सगळी भिस्त एकाच संध्याकाळवर ठेवू नका. सकाळचीही वेळ हातात हवी. पुढचं वेळापत्रक त्याच हिशेबाने मांडलं आहे.

## ३. दर वाचणं आणि बुकिंग करणं

सिंगापूरच्या हॉटेलांच्या दरापुढे बऱ्याचदा दोन अधिक-चिन्हं असतात. त्यांचा अर्थ: यावर १० टक्के सेवाशुल्क, आणि सेवाशुल्कासह झालेल्या रकमेवर ९ टक्के जीएसटी. बरेच जण १० आणि ९ मिळून १९ टक्के धरतात. खरी वाढ १९.९ टक्के असते.

उदाहरणादाखल ८०० सिंगापूर डॉलरचा दर घ्या:

- मूळ दर ८००
- सेवाशुल्क ८०, म्हणजे ८८०
- जीएसटी ७९.२०
- एकूण ९५९.२०

हॉटेलातल्या जेवणाच्या बिलालाही हाच हिशेब लागतो. दोन संकेतस्थळांवरच्या दरांची तुलना करताना एकाने करांसह आणि दुसऱ्याने करांशिवाय दर दाखवलेला नाही ना, हे शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा.

बुकिंग करताना हा क्रम ठेवा.

१. आधी खोलीचा प्रकार निवडा. प्रकाराच्या नावात देखाव्याचा उल्लेख असेल तरच तो देखावा तुमच्या हक्काचा. ‘उंच मजला मिळावा’ असं टिपेत लिहिणं ही विनंती असते आणि गर्दीच्या दिवशी ती सहज मागे पडते.

२. मग माणसं भरा. खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मुलांची वयं. तलावाचा प्रवेश नोंदलेल्या पाहुण्यांपुरताच असतो. दोघांच्या खोलीत चौघे ‘जमवून घेऊ’ हा हिशेब इथे चालत नाही. दुसऱ्या हॉटेलात उतरलेल्या मित्रालाही वर नेता येत नाही.

३. पलंग कसा हवा ते निश्चित करा: एक मोठा की दोन वेगळे. मुलासाठी जादा पलंग त्या प्रकारच्या खोलीत मिळतो का आणि त्याचे पैसे किती, हे त्याच वेळी विचारा.

४. रद्द करण्याची अट वाचा. व्हिसा हातात येण्यापूर्वी बुकिंग करत असाल तर परतावा न मिळणारा स्वस्त दर घेऊ नका.

५. हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा सभासद दर बघा. सभासद होणं फुकट आहे.

नूतनीकरणानंतर इथे ‘स्वीट’ म्हणजे मोठ्या, प्रशस्त खोल्यांचं प्रमाण वाढलं आणि खोल्यांची एकूण संख्या २,५०० च्या वरून सुमारे १,८५० वर आली. म्हणून जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत दिसणारी खोल्यांची नावं, मांडणी आणि दर आता गृहीत धरू नका. शिवाय शेजारी चौथ्या टॉवरचं भूमिपूजन जुलै २०२५ मध्ये झालं आणि ते काम काही वर्षं चालणार आहे. झोप हलकी असेल तर बुकिंगनंतर ईमेल पाठवून बांधकामापासून लांबची खोली मागा. ईमेल प्रवासाच्या आठवडाभर आधी पाठवा. महिनाभर आधी पाठवलेली विनंती खोल्यांचं वाटप होईपर्यंत विसरली जाते.

तपासा: पुष्टीपत्रावर देखावा, पलंग, सर्व पाहुण्यांची संख्या, करांसह रक्कम आणि अनामत रक्कम या पाच गोष्टी लिहिलेल्या आहेत का? यातली एखादी जरी नसेल तर आत्ताच विचारा.

## ४. कार्डाची तयारी

सगळ्यात जास्त मनस्ताप याच टप्प्यावर होतो, आणि सगळे याच टप्प्यावर घाई करतात.

चेक-इनला हॉटेल तुमच्या कार्डावर खोलीभाड्याशिवाय अनामत रक्कम रोखून ठेवतं. हा खर्च नव्हे. मिनीबार, जेवण, नुकसान यांच्यासाठी ती रक्कम बाजूला ठेवलेली असते. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा तात्पुरती कमी होते, एवढंच. डेबिट कार्डावर मात्र खात्यातले खरे पैसे अडकतात आणि चेक-आउटनंतर ते बँकेकडून सुटायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. फॉरेक्स कार्डाचंही तेच. सहलीचा निम्मा खर्च त्या कार्डावर असेल तर उरलेल्या दिवसांची पंचाईत होते. म्हणून अनामतीसाठी क्रेडिट कार्ड, आणि फॉरेक्स कार्ड बाहेरच्या खर्चासाठी.

निघण्यापूर्वी हे करा:

- बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचा परदेशातला वापर सुरू करा. भारतातल्या कार्डांवर तो बहुतेक वेळा बंदच असतो. दुकानातल्या मशीनवरचा व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार यांची बटणं वेगळी असतात, दोन्ही तपासा.
- एका व्यवहाराची मर्यादा वाढवा. एकूण मर्यादा पाच लाख असली तरी ॲपमधली एका व्यवहाराची मर्यादा पन्नास हजारांवर अडलेली असू शकते.
- कार्ड ज्याच्या नावावर आहे तो माणूस चेक-इनला हजर हवा. मुलाने अमेरिकेतून स्वतःच्या कार्डावर आई-बाबांसाठी बुकिंग केलं असेल, तर दुसऱ्याच्या कार्डाने पैसे भरण्याची परवानगी हॉटेलकडून आधी लेखी घ्या. हे न केल्याने काउंटरवर अडकलेली ज्येष्ठ मंडळी नेहमी दिसतात.
- ओटीपी यायला भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा. पिन पाठ करा.

सावधान: मशीनवर ‘रुपयांत की सिंगापूर डॉलरमध्ये?’ असा पर्याय आला तर सिंगापूर डॉलर निवडा. रुपये निवडल्यास विनिमयाचा दर मशीनच्या बाजूने लावला जातो आणि तो बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो.

## ५. कागदपत्रं आणि बॅग

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत काढावा लागतो. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा आणि अर्ज पोहोचण्याच्या तारखेआधीच्या ३० दिवसांत करायचा. त्यानंतर एसजी अरायव्हल कार्ड: पोहोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर भरा. ते मोफत आहे. पैसे मागणारं पान समोर आलं तर ते सरकारी नव्हे, बंद करा.

बॅगेच्या बाबतीत आपल्याकडच्या सवयी सिंगापुरात महागात पडू शकतात.

- गुटखा, खैनी, जर्दा यांसारखी चघळण्याची तंबाखू नेणं बेकायदा आहे. एक पुडीसुद्धा नको. जॅकेटचे आणि हँडबॅगचे जुने खिसे तपासा.
- ई-सिगारेट नेणं, जवळ बाळगणं, ओढणं या तिन्हींना बंदी आहे.
- सिगारेटला करमाफी नाही. पहिल्या पाकिटापासून ती जाहीर करावी लागतात.
- खसखस नेऊ नका. सिंगापुरात ती अंमली पदार्थांच्या कायद्याच्या नजरेत येते. खसखस लावलेले अनारसे, खसखशीचं सारण असलेली करंजी, घरचा गोडा मसाला ही नावं ऐकायला निरुपद्रवी वाटतात, पण फराळाचा डबा भरताना आठवण ठेवा.
- कोडीनयुक्त खोकल्याचं औषध आणि झोपेच्या काही गोळ्यांना आगाऊ परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवीच.
- च्युइंगगम घरीच ठेवा.

हॉटेलसाठी खास घ्यायच्या वस्तू थोड्या आहेत. तीन चौकोनी पिनांचा प्लग अडॅप्टर, कारण भारतीय गोल पिना तिथे बसत नाहीत. विजेचा दाब २३० व्होल्टच आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर नको. पोहण्याचे रीतसर कपडे. साडी, सलवार किंवा सुती टी-शर्ट घालून तलावात उतरू देत नाहीत. अंगभर कपडे हवे असतील तर लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख चालतो. फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी. पुरुषांसाठी बंद बूट आणि कॉलरचा शर्ट, कारण छतावरच्या रेस्टॉरंटांत संध्याकाळी चप्पल आणि बिनबाह्यांचे शर्ट चालत नाहीत.

आणि एक छोटी बॅग वेगळी भरा. तिच्यात पोहण्याचे कपडे, औषधं, चार्जर, कपड्यांचा एक जोड. का, ते पुढच्या टप्प्यात.

## ६. पोहोचणं आणि चेक-इन

चांगीहून थेट येत असाल तर टॅक्सीने २०-२५ मिनिटं लागतात. मध्यरात्री १२ ते पहाटे ६ मीटरवर ५० टक्के जादा आकार पडतो, आणि विमानतळाचा आकार वेगळा. मेट्रोने यायचं तर चांगी एअरपोर्टहून एक स्थानक पुढे एक्स्पोला उतरा, तिथे डाउनटाउन लाइन पकडा आणि बेफ्रंटला उतरा. गाडी एकदाच बदलावी लागते. टनाह मेराहपर्यंत जाऊन ईस्ट-वेस्ट लाइन घेण्याची गरज नाही. बेफ्रंट स्थानक मॉलच्या खालीच आहे, पण मोठ्या बॅगा ओढत हॉटेलच्या लॉबीपर्यंतचं अंतर नकाशात वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. चार बॅगा असतील तर टॅक्सीच बरी.

चेक-इनची वेळ दुपारी ३ आहे आणि चुकीचा अंदाज इथेच होतो. ‘तीनला खोली मिळते, म्हणून तीनला जाऊ’ असा विचार शेकडो पाहुणे करतात आणि त्या तासाला लॉबीत रांग लागते. तुम्ही ११ ते १२ च्या दरम्यान जा.

१. आधी बॅगा बेल डेस्कला (सामान सांभाळणाऱ्या काउंटरला) द्या आणि पावती घ्या. छोटी बॅग जवळ ठेवा.

२. काउंटरवर सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड द्या. मोबाइलवरचा फोटो चालत नाही.

३. नोंदणी आत्ताच करून घ्या, खोली नंतर मिळाली तरी चालेल. खोली तयार झाली की कळवण्यासाठी चालू असलेला मोबाइल क्रमांक द्या. रोमिंग बंद असलेला भारतीय क्रमांक देऊन लोक चारपर्यंत लॉबीत बसून राहतात.

४. खोलीची दिशा, टॉवर आणि मजला तोंडी विचारा. बदल हवा असेल तर याच क्षणी सांगा. किल्ली हातात पडल्यावर बदल अवघड होतो.

५. नोंदलेल्या प्रत्येक पाहुण्याचं प्रवेशकार्ड मोजून घ्या. तलावाच्या दारावर प्रत्येकाची स्वतंत्र नोंद लागते.

६. रोखलेली अनामत रक्कम किती आणि किती रात्रींची, ते विचारा आणि लिहून ठेवा.

मधल्या वेळेत लॉबी सोडून कुठे जाण्याची गरज नाही. टॉवरचे दोन पाय खाली फाकलेले आहेत आणि त्यांच्यामधल्या पोकळीत तिन्ही टॉवरना जोडणारं उंच काचेचं दालन आहे. त्यात अँटनी गॉर्मली यांचं ‘ड्रिफ्ट’ हे स्टीलच्या दांड्यांचं प्रचंड जाळं वरून टांगलेलं आहे. त्याच्या ऐन खाली उभं राहून वर बघा. लांबून तो ढगासारखा राखाडी पुंजका वाटतो, जवळून एकेक सांधा मोजता येतो. बाहेरून दालनाच्या पश्चिम भिंतीवर नेड कान यांचे अॅल्युमिनियमचे हजारो छोटे पत्रे वाऱ्यावर हलत असतात. ही कला आहेच, शिवाय ते पत्रे आत येणारं ऊनही अडवतात. मॉलमध्ये याच कलाकाराचा ‘रेन ऑक्युलस’ आहे: २२ मीटर व्यासाचं पारदर्शक भांडं, त्यात पाणी गोल फिरतं आणि मधल्या भोकातून खालच्या कालव्यात कोसळतं. पाणी दिवसभर पडत नाही, ठरावीक वेळांनाच पडतं. वेळ मॉलच्या माहिती काउंटरवर विचारून मगच खाली उभे राहा.

## ७. खोलीत शिरल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

बॅगा उघडण्यापूर्वी पडदे उघडा आणि देखावा बुकिंगप्रमाणे आहे का ते बघा. नसेल तर कपाटात एकही वस्तू न ठेवता खाली फोन करा. मग गरम पाणी, एसी, तिजोरीचं कुलूप.

मिनीबारला हात लावण्यापूर्वी दरपत्रक वाचा. अनेक मोठ्या हॉटेलांत बाटलीच्या खाली सेन्सर असतो आणि बाटली काही सेकंदांहून जास्त वेळ बाहेर राहिली की बिल लागतं. मुलांचं औषध गार ठेवायला मिनीबार रिकामा करू नका, वेगळा फ्रिज मागा. सिंगापुरात नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं. बाटलीच्या पाण्यावर पैसे घालवू नका.

मुलं असतील आणि खोलीला गच्ची असेल तर खुर्च्या कठड्यापासून लांब सरकवा आणि दाराची कडी स्वतः तपासा.

## ८. संध्याकाळ: हाच खरा गाभा

सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्यास्त वर्षभर सातच्या आसपासच होतो. त्यामुळे वेळापत्रक कोणत्याही महिन्यात जवळपास तेच.

५:४५ वर जा. ५७ व्या मजल्यावर तलाव जवळजवळ १५० मीटर लांब आहे, आणि लिफ्टमधून बाहेर पडल्यावर समोर जी जागा दिसते तिथेच सगळे थांबतात. त्या घोळक्यात शिरू नका. काठाकाठाने दुसऱ्या टोकाकडे चालत जा. आरामखुर्ची कठड्याकडची मिळाली नाही तर मागच्या झाडांजवळची घ्या, तिथे सावली असते.

६:१५ ते ७:०० पाण्यात. पाण्याची खोली सुमारे १.२ मीटर आहे. म्हणजे मोठ्यांच्या छातीपर्यंत, पण सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हनुवटीपर्यंत किंवा त्याहून वर. त्यांना एकटं सोडू नका. काठावरून पाणी थेट १९० मीटर खाली पडतं असं फोटोत भासतं. प्रत्यक्षात काठाच्या पलीकडे खालच्या पातळीवर ते पाणी झेलणारा नाला आहे आणि तिथून ते परत फिरवलं जातं. भीती वाटत असेल तर हे माहीत असलेलं बरं, पण म्हणून काठावर चढून बसायचं नाही. जीवरक्षक लगेच खाली उतरवतात.

फोटोचं गणित: तलावाचं तोंड पश्चिमेला, म्हणून संध्याकाळी सूर्य समोर असतो. कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो. यावेळी पाठमोरे, आकृतीचे फोटो काढा. चेहऱ्याचे फोटो सकाळसाठी ठेवा. सूर्य बुडाल्यावरची ७:१५ ते ७:३० ही पंधरा मिनिटं सर्वांत सुंदर असतात. आकाश गडद निळं होतं, इमारतींचे दिवे लागलेले असतात आणि दोन्हींचा उजेड सारखा असतो. ७:४० नंतर आकाश काळं होतं आणि फोनच्या फोटोत नुसते ठिपके उरतात. नेमक्या याच पंधरा मिनिटांआधी ‘सूर्यास्त झाला’ म्हणून बहुतेक जण उठून जातात.

यानंतर दोन मोफत खेळ आहेत आणि त्यांचा क्रम चुकला की एक हमखास निसटतो.

- स्पेक्ट्रा, पाणी आणि प्रकाशाचा खेळ: मॉलच्या पाण्याकडच्या बाजूला, इव्हेंट प्लाझावर, ८ आणि ९ वाजता. शुक्रवार-शनिवारी १० वाजताही.
- गार्डन रॅप्सडी, सुपरट्री झाडांचा खेळ: मागच्या बागेत, ७:४५ आणि ८:४५ वाजता.

दोन्ही साधारण पंधरा मिनिटांचे. एक इमारतीच्या पुढे, एक मागे, आणि मधलं अंतर चालत पंधरा-वीस मिनिटांचं. ७:४५ चा बागेतला खेळ धरलात तर तलावावरची निळी वेळ हुकते. ८:४५ चा बागेतला खेळ संपतो तेव्हा ९ चा स्पेक्ट्रा सुरू झालेला असतो. म्हणून आधी ८ चा स्पेक्ट्रा, मग हॉटेलातून जाणाऱ्या पादचारी पुलावरून बागेत ८:४५ चा खेळ. यासाठी ७:३० ला पाण्यातून बाहेर यावंच लागतं. लहान मुलं असतील आणि ही धावपळ नको असेल तर स्पेक्ट्रा दुसऱ्या दिवशी बघा. त्याला हॉटेलचा पाहुणा असण्याची गरज नाही. सुपरट्रीखाली मात्र पाठीवर पडून वर बघण्यात खरी मजा आहे, खोलीच्या खिडकीतून दिवे दिसतात पण संगीत ऐकू येत नाही.

जेवण: शाकाहारी किंवा जैन जेवण हॉटेलच्या रेस्टॉरंटांत हवं असेल तर टेबल राखतानाच सांगा. ‘भाजी’ म्हणून येणाऱ्या पदार्थात ऑयस्टर सॉस किंवा मासळीचा सॉस असू शकतो, ते नेमकं नाव घेऊन विचारा. साधं आणि पोटभर हवं असेल तर बेफ्रंटहून लिटिल इंडिया गाठा. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून डोसा-भात वाढत आहे. टीप देण्याची पद्धत नाही, सेवाशुल्क बिलात आलेलंच असतं.

कॅसिनोत परदेशी पाहुण्याला प्रवेशशुल्क नाही, पण वय २१ पूर्ण हवं आणि मूळ पासपोर्ट बरोबर हवा. तो खोलीच्या तिजोरीत ठेवून खाली आलात तर परत वर जावं लागतं.

## ९. सकाळ

सूर्योदयही सातच्या आसपास. पावणेसातला तलावावर या. संध्याकाळच्या तुलनेत माणसं कितीतरी कमी असतात आणि आता उजेडाची दिशा उलटी असते: ऊन पूर्वेकडून, म्हणजे मागून येतं आणि समोरचं शहर उजळतं. माणसं पाण्याच्या काठाशी, शहराकडे पाठ करून आणि चेहऱ्यावर ऊन घेत, आणि कॅमेरा धरणारा त्यांच्यासमोर आरामखुर्च्यांच्या बाजूला, असे काढलेले चेहऱ्याचे फोटो स्वच्छ येतात. संध्याकाळ पावसात गेली असेल तर हीच तुमची भरपाई.

न्याहारीला साडेनऊनंतर रांग वाढते. तलावावरून आठला खाली येऊन अंघोळ करून जाणं सोयीचं. दर न्याहारीसह घेतला नसेल तर एका माणसाची बुफे न्याहारी किती पडते ते बघून ठरवा. चौघांचा आकडा करांसह लिहून बघितला की बऱ्याच कुटुंबांचा निर्णय बदलतो.

## १०. चेक-आउट

वेळ सकाळी ११. उशिरापर्यंत खोली हवी असेल तर आदल्या संध्याकाळी विचारा, सकाळी नव्हे.

१. साडेदहाच्या आत बिलाची प्रत मागा आणि टीव्हीवर किंवा कागदावर ओळीओळीने वाचा. मिनीबारच्या न घेतलेल्या वस्तू, दोनदा लागलेली न्याहारी, बुकिंगच्या वेळीच भरलेलं भाडं पुन्हा लागणं, हे तीन घोटाळे सर्वाधिक होतात.

२. अनामत ‘सोडली’ असं सांगतात तेव्हा त्याचा लेखी पुरावा मागा: पावती किंवा ईमेल.

३. बॅगा बेल डेस्कला ठेवा आणि मोकळ्या हाताने बाहेर पडा. पोहण्याचे ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधा. बॅग दिवसभर बंद राहणार असते.

४. खोलीभाड्यावरचा जीएसटी पर्यटकाला परत मिळत नाही, त्यामुळे विमानतळावर हॉटेलचं बिल घेऊन रांगेत उभे राहू नका. परतावा फक्त देशाबाहेर नेलेल्या खरेदीच्या मालावर आहे, तोही त्या योजनेतल्या दुकानातून किमान १०० सिंगापूर डॉलरची खरेदी असेल तर. खरेदी करताना पासपोर्ट दाखवलेला असावा लागतो. चांगीवर परताव्याची यंत्रं चेक-इन सामान देण्याच्या आधी गाठा, कारण अधिकारी माल बघायला मागू शकतात.

घरी आल्यावर कार्डाचं विवरण दोनदा तपासा: एकदा आठवड्याने, एकदा महिन्याने. रोखलेली रक्कम महिन्यानंतरही तशीच दिसत असेल तर आधी बँकेला, हॉटेलने दिलेल्या पुराव्यासह लिहा. हॉटेलने सोडलेली रक्कम बँकेकडे अडकून राहण्याचे प्रकारच जास्त असतात.